'बरी' म्हणणारी बाई दाखवा

माझ्या याद्यांची घरात थट्टा होते आणि ऑफिसात धास्ती घेतली जाते. किराण्याची यादी, प्रवासाची यादी, उद्या कोणाला काय विचारायचं त्याची यादी. पण एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या एकाही यादीत एक, दोन, तीन असे आकडे नसतात. प्रत्येक ओळीआधी नुसता ठिपका असतो. कुणी विचारलंच तर मी सांगते, "डाळ पहिली आणि साबण चौथा असं मी ठरवलेलं नाही. मग आकडा कशाला घालू?"

ही सवय सरांची.

सर आमच्या ज्वारी केंद्रात संख्याशास्त्राचं काम बघायचे. राहुरीपासून थोडं आत, मुळा धरणाच्या वाटेवर आमचं ते लहानसं केंद्र होतं. बैठी दगडी इमारत, मागे प्रयोगाची वावरं आणि इमारतीला चढायला चार पायऱ्या. मी तिथे गणकाच्या जागेवर लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. नेमणूक तात्पुरती. काम एकच, हाताने फिरवायच्या गणनयंत्राचा दांडा फिरवायचा आणि उत्तरं लिहायची. पहिल्या दिवशी मी पायऱ्यांपाशी आले तर एक उंच, किडकिडीत गृहस्थ सायकलची क्लिप पँटला तशीच ठेवून शेवटच्या पायरीवर उभे. मला म्हणाले, "बाई, थांबा. तुमचा परीक्षेचा बैठक क्रमांक काय होता?"

मी सांगितला.

"तुमच्या मैत्रिणीचा?"

तिचा माझ्यापुढचा होता, तोही सांगितला.

"म्हणजे ती तुमच्यापेक्षा जास्त हुशार?"

"नाही हो. तो नुसता नंबर."

"मग पहिल्या पायरीवर उभ्या राहा. तुमचा आकडा तिथला आहे."

मी उभी राहिले. समोरून शिपाई गंगाराम जात होता. त्याच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं, त्यावरून मी ओळखलं की इथे हे रोजचं आहे.

त्या चार पायऱ्या म्हणजे सरांचं अख्खं शास्त्र होतं. पहिली पायरी नावाची. इथला आकडा म्हणजे हाक मारायची सोय, बाकी काही नाही. "गट नंबर चारशेवाल्याची जमीन गट नंबर दोनशेवाल्याच्या दुप्पट असते का?" असं ते विचारायचे. दुसरी पायरी रांगेची. कोण पुढे, कोण मागे एवढं कळतं, पण किती पुढे ते कळत नाही. तिसरीवर अंतरं सारखी असतात, पण शून्य माणसाने सोयीने नेमलेला असतो. चौथीवरचा शून्य मात्र खरा. पोतं रिकामं म्हणजे रिकामं. दुप्पट, निम्मं, पाऊणपट हे शब्द बोलायचे तर तिथे चढून बोलायचे, खाली उभं राहून नाही. पुस्तकात यांना नामश्रेणी, क्रमश्रेणी, अंतरालश्रेणी आणि गुणोत्तरश्रेणी अशी नावं आहेत. सर ती नावं परीक्षा देणाऱ्यांपुरती राखून ठेवत. आम्हाला पायरीच दाखवत.

केंद्रात कुणी आकडा उच्चारला की सरांचा हात दाराकडे जायचा. "कुठली पायरी?" माणसाने बाहेर जाऊन त्या पायरीवर उभं राहायचं आणि मग वाक्य पुरं करायचं. मजुरांपासून पाहुण्यांपर्यंत कुणालाही सूट नव्हती. गंगाराम तर मुद्दाम चौथीवर उभा राहून ओरडायचा, "काल दोन पोती खत आलं, आज चार. दुप्पट! हाय का न्हाई सर?" आणि सर आतून गंभीरपणे म्हणायचे, "आहे. उतर आता."

गावात त्यांना पायरीबुवा म्हणत. तोंडावर नाही म्हणत, पण त्यांना ठाऊक होतं. स्टँडवरच्या चहावाल्याशी त्यांचं कायमचं वैर. तो एकदा म्हणाला, "मार्गशीर्षात वीस डिग्री हुतं, आज चाळीस. दुप्पट ऊन हाय बगा." सरांनी कप खाली ठेवला. "तुझा तो शून्य खरा आहे का नेमलेला? पाणी गोठतं तिथे कुणीतरी शून्य लिहिला. दुसऱ्या कुणी दुसरीकडे लिहिला असता तर तुझी दुप्पट कुठे गेली असती?" चहावाला म्हणाला, "शून्य कुटं का असंना, घाम माझाच निघतोय ना?" सर म्हणाले, "घाम वाटीत धर आणि मोज. मग दुप्पट म्हण." दुसऱ्या दिवशी चहा आला तो अर्धा कप. सरांनी विचारलं तर चहावाला म्हणाला, "निम्माच हाय. ही चौथी पायरी, मोजून घ्या." मी सरांना मनापासून हसताना पाहिलं ते तेव्हा.

त्यांची मुलगी शाळेत दुसरी आली. बक्षीस समारंभाला सर गेले आणि हेडमास्तरांनी नाव पुकारल्यावर मागून उभे राहून विचारलं, "पहिलीपेक्षा किती मागे?" हेडमास्तरांना वाटलं, बापाला राग आलाय. ते समजूत घालायला लागले. सर म्हणाले, "राग नाही हो. एका मार्काने मागे असेल तर तिला खेळायला सोडतो, चाळीस मार्कांनी असेल तर शिकवायला बसवतो. तुम्ही नुसतं दुसरी म्हणालात, मी करू काय?" मुलीने घरी येऊन तीन दिवस बोलणं टाकलं होतं म्हणे. हे सरांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, "तीन दिवस. हे मात्र चौथ्या पायरीवरचं."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. आम्ही नेतही होतो. पण मग बहात्तरच्या दुष्काळात भाकरीचा प्रयोग आला आणि हसणं थांबलं.

हायब्रीड ज्वारी तेव्हा नवीन होती. एकरी उतारा भरपूर, पण लोक भाकरीच्या नावाने कुरकुरत. आमच्या केंद्राकडे गावरान शाळूचा एक तुकडा होता. जुनं बी शुद्ध राहावं म्हणून तो वर्षानुवर्षं वेगळा पेरून सांभाळलेला. केंद्रप्रमुख साहेबांच्या मनात होतं की तो तुकडा मोडावा आणि तिथे हायब्रीडचं बियाणं करावं. वरून परवानगी हवी होती आणि त्यासाठी अहवाल हवा होता की लोकांना हायब्रीडची भाकर चालते. गावरान तुकडा राहणार की मोडणार, ते आता भाकरी चाखायला बोलावलेल्या गावातल्या बायांच्या उत्तरांवर होतं. आणि ती उत्तरं आमच्या हातात येणार होती.

केंद्रामागच्या पडवीत चूल मांडली. भाकरी थापायला हौसाबाई. तिचा नवरा आमच्याकडेच सालाने होता. साहेबांच्या सांगण्यावरून पहिल्या दिवशी ताटांवर खडूने एक आणि दोन लिहिलं. एकात गावरान, दोनात हायब्रीड, आणि दोघी-दोघींना समोरासमोर बसवून मध्ये दोन्ही ताटं. प्रत्येकीने एक ताट घ्यायचं. संध्याकाळी कागद बघताना सर मला म्हणाले, "बाई, एकच्या ताटावर बसलेल्या सगळ्या वयाने मोठ्या कशा?"

हौसाबाई परातीला हात पुसत म्हणाली, "आता थोरल्या जावंच्या आदी धाकटी एक नंबरला हात घालंल व्हय? घरी जायाचं न्हाई का तिला?"

झालं होतं असं की आम्ही नावापुरता घातलेला आकडा बायांनी मान म्हणून वाचला. सगळ्या थोरल्यांनी गावरान खाल्ली, सगळ्या धाकट्यांनी हायब्रीड. सरांनी तो दिवस रद्द केला. साहेब चिडले. सर म्हणाले, "पहिल्या पायरीवरचा आकडा दुसरीवर चढला. मी परत उतरवतोय, एवढंच."

मग त्यांनी खडू पुसला, प्रत्येकीला दोन्ही भाकरी द्यायचं ठरवलं आणि खूण म्हणून ताटाशेजारी पानं ठेवली. एकाला कडुनिंबाचा डहाळा आणला तो हौसाबाईने उचलून बाहेर फेकला. "कडू पाल्याजवळची भाकर कोन ग्वाड म्हनंल?" शेवटी गावरानला चिंचेचा आणि हायब्रीडला बोरीचा डहाळा ठरला.

बायांना विचारायचं ते साधं होतं. फार आवडली, आवडली, बरी, नाही आवडली, मुळीच नाही. यातला एक शब्द त्यांनी सांगायचा. बऱ्याच बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मुकादम सोडत नसे. म्हणून निम्म्याजणींनी पडवीत गरम गरम खाल्ली आणि निम्म्याजणींना आम्ही फडक्यात बांधून दिली. त्यांनी ती दुपारी कामावर खाल्ली आणि मी केंद्राच्या जीपमधून तिथे जाऊन त्यांची उत्तरं लिहून आणली. एक म्हातारी मला म्हणाली होती, "चिचंची भाकर ग्वाड हाय. बोरीची आदी दात मागती, मंग चव देती." मी लिहिलं, नाही आवडली.

कागद साहेबांकडे गेले. त्यांनी फार आवडलीला पाच, आवडलीला चार असे उतरते गुण दिले, मुळीच नाहीला एक, आणि मला सरासरी काढायला सांगितली. गावरानची चार आली. हायब्रीडची तीन. साहेबांनी तिथल्या तिथे वाक्य तयार केलं, 'हायब्रीडची भाकर गावरानच्या पाऊणपट पसंत पडली असून सर्वसाधारण मत बरी असे आहे. उतारा मात्र दुपटीहून अधिक.' आणि अहवाल सरांपुढे सहीला ठेवला.

सरांनी कागदांचा गठ्ठा घेतला आणि एकेक कागद टेबलावर टाकू लागले. चार नंबरच्या टेबलावर मी होते, मला सगळं दिसत होतं. हायब्रीडचे दोन ढीग झाले. एक आवडलीचा, एक नाही आवडलीचा. दोहोंच्या मध्ये टेबलाचं लाकूड दिसत होतं.

"साहेब," सर म्हणाले, "ही 'बरी' म्हणणारी बाई मला दाखवा."

"सरासरी आहे ती."

"आहे ना. पण बाई कुठे आहे? तीन-चार जणींनी बरी म्हटलंय, त्या सगळ्या गावरानला. हायब्रीडला एकही नाही. गरम खाणारीला आवडली, गार खाणारीला नाही आवडली. तुम्ही दोघींना एकत्र करून तिसरीच बाई तयार केलीत आणि तिचं मत लिहिलंत."

साहेब शांत होते. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आजही सांगेन. ते म्हणाले, "अहो, माणसं खडी फोडतायत. पोट भरायची वेळ आहे, चवीची नाही."

"मग तसं लिहा. पोट भरतं म्हणून लिहा, मी आत्ता सही करतो. उताऱ्याचं दुप्पट खरं आहे, ते वजन आहे, त्यावरही सही करतो. पण चव मोजली आणि पाऊणपट निघाली असं लिहू नका. हे शब्द रांगेतले आहेत. पाच, चार, तीन हे तुम्ही चिकटवलेत."

"सगळेच चिकटवतात."

"बाई," सर माझ्याकडे वळले, "यंत्र घ्या. फार आवडलीला दहा द्या, मग नऊ, आठ, सात, सहा."

मी दांडा फिरवला. हायब्रीड गावरानच्या नव्वद टक्क्यांच्या घरात गेली.

"आता शंभर, नव्वद, पन्नास, दहा, शून्य."

पुन्हा फिरवला. ती पंचावन्नच्या घरात आली.

"बाया त्याच, भाकरी त्याच, उत्तरं तीच," सर म्हणाले. "टक्के मात्र तुमच्या-माझ्या मर्जीचे. तुकडा मोडायचा तर नव्वदवाला घ्या, ठेवायचा तर पंचावन्नवाला. मी यातल्या एकावरही सही करणार नाही. मला ठेवायचाय, तरीसुद्धा नाही."

हे शेवटचं वाक्य मी कधी विसरले नाही. पंचावन्न त्यांच्या सोयीचा होता. त्यांनी तोही नाकारला.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सरासरीच्या कागदावर 'गणन करणार' अशी जागा असते, तिथे माझी सही लागणार होती. ते म्हणाले, "तुमचं कायम होण्याचं प्रकरण माझ्याकडेच आहे, माहितीय ना?" माझे वडील नव्हते, घरी आई आणि पाठचा भाऊ. मी सगळं जाणून होते. मी म्हटलं, "साहेब, तिन्ही सरासऱ्या एकाखाली एक लिहून सही करते. नाहीतर एकीवरही करत नाही." बाहेर येऊन पुन्हा यंत्राशी बसले.

पुण्याहून मोठे साहेब आले ते वैशाखात. अहवाल ऐकायला बैठक होती. सगळे आत बसले, सर नव्हते. मी खिडकीतून पाहिलं, तर ते बाहेर दुसऱ्या पायरीवर उभे. डोक्यावर छत्री नाही, काही नाही.

गंगाराम गेला बोलवायला. "सर, आत चला की. मोठं सायेब आल्यात."

"येत नाही. आत माझा आकडा चौथ्या पायरीवर चढवून ठेवलाय. तो दुसरीचा आहे. तो खाली आला की मी वर येतो."

"भाजून निगाल सर. कालच्यापरीस दुप्पट ऊन हाय."

"हे तिसऱ्या पायरीवर उभं राहून बोल."

गंगाराम निमूटपणे तिसऱ्या पायरीवर गेला, विचार करून म्हणाला, "कालच्यापरीस लई हाय." सर म्हणाले, "आता बरोबर."

आत साहेबांनी वाचायला सुरुवात केली, पण मोठ्या साहेबांची नजर सारखी खिडकीबाहेर. शेवटी त्यांनी विचारलं, "ते गृहस्थ उन्हात का उभे आहेत?" साहेबांनी घसा साफ केला. मी म्हटलं, "साहेब, ते सहीसाठी थांबलेत."

मोठे साहेब उठून बाहेर गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी चहाचा कप हातातच आणला होता. वरच्या पायरीवरून त्यांनी विचारलं, "काय अडलंय?"

"साहेब, या अहवालात एक बाई आहे. ती हायब्रीडच्या भाकरीला 'बरी' म्हणते. ती दाखवा. एकच दाखवा. मी आत्ता सही करून आत येतो."

मोठे साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही विचारलंत ना बायांना?"

"हो."

"कुणी म्हणालं बरी?"

"हायब्रीडला कुणीच नाही."

त्यांनी चहा संपवला. मग सरांना म्हणाले, "तुमच्या मते काय लिहायचं?"

"झालं ते. गरम खाणाऱ्या बहुतेकींना आवडली. गार खाणाऱ्या बहुतेकींना नाही. गावरान दोघींनाही आवडली."

"हे तर कुणीही सांगेल."

"हो. म्हणून तर लिहायचं. शेतावर बांधून नेणाऱ्या बाईला गरम भाकर कुठून मिळणार? ती बाई तुमच्या 'बरी'खाली झाकली गेली होती."

मोठे साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. आमच्या साहेबांना एवढंच म्हणाले, "सरासरी काढून टाका. दोन ढीग लिहा." आणि खाली उतरून गाडीत बसायला गेले. जाताना ते दुसऱ्या पायरीवर सरांशेजारी क्षणभर थांबले. सरांनी बाजूला सरून जागा दिली.

गावरानचा तुकडा राहिला. हायब्रीडही वाढली, वाढणारच होती, आणि तिच्याबद्दल सरांनी कधी वाकडा शब्द काढला नाही. पाऊस सुरू झाल्यावर सरांची बदली झाली, थेट कोकणात, भाताच्या केंद्रावर. कारण 'कार्यालयीन सोय'. मी सहा महिन्यांनी कायम झाले. साहेबांनी माझं प्रकरण अडवलं नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

निरोपाच्या वेळी साहेबांनी भाषण केलं. "आमच्या केंद्राचं अर्धं डोकं आज चाललं आहे," ते म्हणाले. सरांनी हात वर केला. गंगाराम तर दाराकडे सरकलाही.

"अर्धं म्हणालात," सर म्हणाले. "म्हणजे चौथी पायरी. म्हणजे डोक्याला खरा शून्य असतो. मान्य आहे, मी बघितलाय." आणि खाली बसले. साहेबच सगळ्यांत मोठ्याने हसले.

त्यानंतर सर मला भेटले नाहीत. पत्र लिहायची त्यांना सवय नव्हती, मलाही सवड नव्हती.

आता त्या केंद्रात साहेबांच्या खुर्चीवर मी बसते. इमारतीला रंग लागला आहे, पायऱ्या त्याच आहेत. मागच्या आठवड्यात वरून पत्रक आलं. केंद्रातल्या तिन्ही वाणांना उताऱ्यात, चवीत आणि कडब्यात पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक द्या, तिन्ही क्रमांकांची बेरीज करा आणि ज्याची बेरीज सगळ्यांत जास्त तो वाण पुढच्या हंगामापासून बंद करा. गावरान शाळू त्यात शेवटी येतो. उताऱ्यात तो तळाला आहे, चवीत आणि कडब्यात पहिला नंबर थोडक्यात हुकून दुसरा. पण थोडक्यात हा शब्द लिहायला त्या पत्रकात जागाच नाही.

आज तपासणीला अधिकारी येणार होते. माझी सकाळची यादी तयार होती. ठिपका, चहा सांगणे. ठिपका, उताऱ्याची वजनं, कडब्याची वजनं आणि बायांची उत्तरं, सगळं जसं आहे तसं मांडून ठेवणे. ठिपका, बेरजेचा रकाना कोरा ठेवणे.

गाडी फाटकातून आत आली तेव्हा नवीन शिपाई धावत माझ्याकडे आला. "बाई, सायेब आले. आत नाही का बसायचं?"

"त्यांना सांग, बाई दुसऱ्या पायरीवर उभ्या आहेत. खुर्ची आणू नकोस. चहा मात्र इथे दोन कप आण. त्यांना बराच वेळ थांबावं लागणार आहे."